फ्लायव्हीलचे आठ बोल्ट

त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे. नवखा माणूस हे ऐकून चकित व्हायचा, कारण बहाद्दर रोज सकाळी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि सही अशी ठसठशीत करायचा की बँकेतला कारकूनही दोनदा बघायचा. सहीसाठी त्याला अंगठा कधीच लागला नाही. अंगठा लागायचा बोल्टासाठी. मिसळलेल्या बोल्टांचा डबा त्याच्यापुढे ओतला, की तो वर पत्र्याकडे बघत अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवायचा आणि जाड आट्यांचे इकडे, बारीक आट्यांचे तिकडे, असे ढीग लावायचा. जास्त आवळून ताणलेल्या बोल्टाचे आटे किंचित विरळ होतात. तेही त्याच्या नखाला कळायचं. असा बोल्ट तो लगेच वाकवून मोडीत टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात चुकून त्याला लागायला नको.

उभा जन्म त्यानं इंजिनं उघडण्यात आणि मिटण्यात घालवला. आधी बस आगाराच्या कारखान्यात, मग नदीच्या धक्क्याला उतरणाऱ्या उतारावरच्या स्वतःच्या शेडमध्ये. कामाच्या बाबतीत तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही. बसून आवळलेला बोल्ट त्याला चालायचा नाही. उभं राहून, पाय रोवून, अंगाचं वजन टाकून आवळायचा. "चालतंय की" म्हणणाऱ्याला तो शेडबाहेर उभं करायचा. अलीकडे त्याचा उजवा खांदा गेला होता. हात छातीच्या वर जाईना. मोठा पाना ओढायचं काम सुटलं, तेव्हापासून त्याची जीभ जास्त चालू लागली, असं त्याची बायको म्हणायची.

त्याची एकुलती एक लेक नदीवरची लाँच चालवायची. सुकाणू तिच्या हातात आणि इंजिन तिच्या नवऱ्याच्या. पलीकडच्या काठावर वस्ती मोठी. पण दवाखाना, मोठी शाळा, बाजार सगळं अलीकडे. पूल फार लांब होता. त्यामुळे लाँच म्हणजे त्या वस्तीचे पाय. धक्क्यावरून प्रवाहाच्या खालच्या अंगाला बघितलं की बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा पांढरा पट्टा दिसायचा. वरच्या धरणातून पाणी सोडलं की मधली धार थेट त्या पट्ट्याकडे ओढायची. तळ गुळगुळीत खडकाचा, नांगर धरायचा नाही. मधल्या धारेत लाँचचा जोर गेला तर काय होईल, हे धक्क्यावर कुणी बोलत नसे. पण लेक पलीकडच्या काठाला लागेपर्यंत बहाद्दरचं एक लक्ष नदीकडे असायचं.

लाँचचं जुनं इंजिन शेवटच्या घटका मोजत होतं. जावयानं मोडीत निघालेल्या एका ट्रकचं इंजिन शोधलं. कंपनी तीच, पिढी नवी. भंगारवाल्याच्या अंगणात ते चालवलं, बहाद्दरनं कान लावून ऐकलं आणि मान हलवली. तेच इंजिन घ्यायचं ठरलं. पण त्याच्या मागे बसणारं फ्लायव्हील लाँचचं जुनंच ठेवायचं होतं, कारण गिअरबॉक्स त्यालाच जुळत होता. फ्लायव्हील म्हणजे बिडाचं जड चाक. इंजिनच्या पोटातला दांडा, क्रँक, हे चाक फिरवतो. चाक गिअरबॉक्स फिरवतं. गिअरबॉक्स पाण्यातला पंखा. आणि हे चाक क्रँकच्या टोकाला आठ बोल्टांनी धरलेलं असतं. ते बोल्ट सुटले तर इंजिन खुशाल ओरडत राहील आणि लाँच वाहत जाईल.

जावयानं नवे बोल्ट आणले ते खोक्यातून. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पातळ कागदात गुंडाळलेला.

"इंजिनच्या नंबरावर मागवलेत, मामा. कंपनीचे."

बहाद्दरनं एक बोल्ट लाँचच्या चाकातून आरपार घातला आणि पलीकडून बघितलं. "हे बघा. नखाएवढं टोक येतंय बाहेर. एवढ्या आट्यांवर हे धूड धरायचं? जावईबापू, याच्यावर मी भिंतीवरचं घड्याळ टांगणार नाही."

"पण नंबर बरोबर आहे."

"नंबर ट्रकच्या चाकाचा आहे. आपलं चाक जाड. दुकानदाराला काय, तो उंटावरचा शहाणा. आणि तुम्ही खाली उभे राहून त्याच्याकडे माना वर करून बघताय."

"बाबा, पुरे," लेक म्हणाली. जावयानं बोल्ट पुन्हा कागदात गुंडाळला. घडी पहिल्यासारखी पडेना, तरी तो ती घालत राहिला.

मग बहाद्दरनं स्वतः बोल्ट निवडले. जुन्या इंजिनचे आठही काढले, रॉकेलमध्ये धुतले, नखाखालून घातले. दोन ताणलेले निघाले. उरलेल्यांतला चांगला नमुना खिशात घालून तो नटबोल्टच्या दुकानात गेला. जाडी तीच, आटे तेच, डोक्यावरचे ताकदीचे आकडे तेच, लांबी तीच. डोक्याखालची कड खरबरीत दिसली म्हणून त्यानं काही बोल्ट परत दिले.

"बोल्ट घेतोस की दागिना?" दुकानदारानं विचारलं.

"दागिना मिरवायला असतो. याच्यावर माझी लेक पलीकडे जाते."

चाक बसवायच्या दिवशी लाँचच्या पोटात दोघंच मावत होते. बहाद्दरनं दिवा धरला, जावयानं टॉर्क पाना. ठरलेला जोर आला की हा पाना कट्ट असा आवाज देतो. एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा, मग आडवा, असं करत आठही झाले. पहिल्या बोल्टाला कट्ट झाल्यावर जावयानं पाना क्षणभर हातात तोलला. तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?" बहाद्दरनं विचारलं.

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी लाँच सुरू झाली. इंजिन लोण्यासारखं चाललं. पलीकडच्या लोकांनी लेकीला हात हलवून दाखवले. बहाद्दर त्या दिवशी दुपारी निवांत झोपला.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी भंगारवाला हातगाडी ढकलत शेडपाशी आला. गाडीवर ट्रकचं फ्लायव्हील होतं.

"हे तुझं. इंजिनबरोबर तूच घेतलंस. माझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही."

"मग माझ्या अंगणात आहे?"

"तुझ्याकडे अंगणच नाही, बहाद्दर, म्हणून तर तू सुखी," असं म्हणत त्यानं चाक खाली लोटलं. चाकाच्या भोकांतून तारेनं बांधलेले ट्रकचे जुने बोल्ट खुळखुळले.

बहाद्दरनं सवयीनं एक बोल्ट सोडवला. आखूड, जावयाच्या खोक्यातल्यासारखाच. हे चाक पातळ, म्हणून बोल्ट आखूड. त्याला त्यात नवल नव्हतं. त्यानं तो चाकात घातला. पलीकडे टोक आलं ते अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढं. बहाद्दर तसाच वाकलेला राहिला. त्याच्या स्वतःच्या बोल्टांचं टोक लाँचच्या चाकातून पूर्ण पेरभर बाहेर यायचं. ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं आणि बघून खूशही झाला होता: भरपूर आटे, भक्कम पकड.

कंपनीनं या क्रँकमध्ये अर्ध्या पेराचा बोल्ट घातला होता. मग त्या भोकाची खोली किती असेल?

त्याला माहीत नव्हतं. जुन्या इंजिनचं क्रँक जाड, त्याची भोकं खोल. नवं क्रँक वेगळं. त्यानं बोल्टाला बोल्ट लावून बघितला होता, चाकाला बोल्ट लावून बघितला होता. नव्या क्रँकच्या भोकात कुणी डोकावलंच नव्हतं. आणि ती भोकं आरपार नव्हती, बंद होती. बंद भोकात लांब बोल्ट घातला तर त्याचं टोक तळाला टेकतं. तळाला टेकलेला बोल्ट आणखी फिरत नाही. पाना कट्ट म्हणतो. माणूस समजतो आवळलं. आणि बोल्टाच्या डोक्याखाली चाक मोकळं राहतं.

बहाद्दरनं हातातला बोल्ट तिथंच टाकला.

शेडमागच्या घरातून बायको चहा घेऊन आली, तर तो उताराला लागलेला. "अहो! चहा गार होतोय! निदान पायात तरी काही घाला!"

धक्क्यावर पोचला तेव्हा लाँच पलीकडच्या काठाला होती. तिथून दोर सुटताना दिसला. बहाद्दरनं दोन्ही हात डोक्यावर न्यायला बघितलं; उजवा गेलाच नाही. एका हातानं खूण केली. एवढ्या लांबून ती कुणाला दिसणार?

रांगेत उभा असलेला एक म्हातारा हसला. "काय बहाद्दर, आज पोहून जाणार?"

लाँच भरलेली होती. माणसांच्या डोक्यांची रांग काठावरून दिसत होती. रात्रीपासून पाणी सोडलेलं; नदीचा रंग मातकट, आणि मधल्या धारेत पाण्याला घड्या पडलेल्या. लेकीनं नाक प्रवाहाच्या वर धरलं. लाँच तिरकी चालू लागली. इंजिनचा आवाज भरीव होता, एकसुरी. बहाद्दरनं डोळे मिटून ऐकलं. आवाज चांगला असणारच होता, आवाज इंजिनचा. सुटायचं असेल तर ते चाक सुटेल.

मधल्या धारेत आवाज एकदम खाली आला.

बहाद्दरनं डोळे उघडले. लाँचचं नाक बंधाऱ्याकडे वळत होतं. त्याच्या हाताला धक्क्याचा लोखंडी खुंटा लागला, त्यानं तो धरला. रांगेतल्या लोकांच्या गप्पा तशाच चालू होत्या. मग लाँचच्या पुढून एक लाकडाचा ओंडका वाहत गेला, लेकीनं त्याला वाट दिली होती, आणि आवाज पुन्हा चढला. नाक वर आलं.

दोर खुंट्याला पडला तेव्हा बहाद्दर तो खुंटा धरूनच होता. "बाबा, हात काढा, चेंगराल," लेक वरून ओरडली.

माणसं उतरली. बहाद्दर लाँचवर चढला आणि रांगेच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

"पुढची फेरी नाही."

इंजिनवरच्या फळ्यांतल्या झडपेतून जावयाचं डोकं वर आलं. "काय झालं?"

"चाकाचे बोल्ट लांब पडले असावेत. तळाला टेकलेत. चाक धरलेलं नाही."

"आठही कट्ट वाजले, मामा. तुम्ही दिवा धरून होता."

"तळाला टेकूनही वाजतात."

जावई झडपेतून पूर्ण वर आला. हाताचं तेल त्यानं चिंधीला सावकाश पुसलं. "माझे बोल्ट तुम्ही नाकारले. चार माणसांत नाकारले. तुमचे लावले. आता तुम्ही तुमचेही नाकारता. उद्या म्हणाल नदीच नको."

"उघडायला लागेल."

"गिअरबॉक्स मागे घ्यायचा, चाक काढायचं, सगळं पुन्हा जोडायचं! आजचा दिवस गेला. आणि आत सगळं ठीक निघालं तर?"

"तर मला नदीत ढकला."

"नदीत कशाला, आम्हाला पलीकडे सोडा आधी!" रांगेतून एक बाई ओरडली. तिच्या कडेवर तापलेलं मूल होतं. ती दवाखान्यातून परत निघाली होती. मागून आणखी आवाज आले. कुणी म्हणालं, सासऱ्या-जावयाचं भांडण घरी करा. कुणी म्हणालं, कालपासून तर चालतीय की.

लेक सुकाणूवरून खाली उतरली. ती बापासारखीच कमी उंचीची, आणि रागावली की आवाज खाली घ्यायची.

"बाबा, खात्री आहे की शंका?"

"शंका."

"किती?"

बहाद्दरला याचं माप सांगता येईना. तो म्हणाला, "मघाशी तू मधल्या धारेत इंजिन खाली घेतलंस ना, तेव्हा मी हा खुंटा उपटायचा बाकी होतो."

लेकीनं बापाकडे बघितलं, मग अनवाणी पायांकडे. तिनं जाऊन किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. "फेरी बंद," ती रांगेला म्हणाली. "ज्यांना थांबायचं त्यांनी सावलीत थांबा. होडीनं जायचं त्यांनी वरच्या अंगानं जा, मधल्या धारेत नको. बाई, तुम्ही थांबा. मुलाला घेऊन होडीत बसू नका." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, कप्पीची साखळी काढा."

जावयानं हातातली चिंधी बाजूला टाकली. त्यानं साखळी काढली.

गिअरबॉक्स मागे घेणं म्हणजे हाडं मोडायचं काम. लाँचच्या पोटात माणूस उभा राहू शकत नाही. वरच्या आडव्या बांबूला साखळीची कप्पी लावायची, वजन पेलायचं, बोल्ट काढायचे, आणि जड धूड लाकडी फळ्यांवरून तसू तसू मागे सरकवायचं. जावई घामानं निथळत होता. बहाद्दर डाव्या हातानं साखळी ओढत होता आणि उजव्यानं फक्त धरत होता. कामापुरते शब्द होते: "जरा." "थांबा." "आता." सूर्य डोक्यावर आला तेव्हा चाकाची पाठ उघडी पडली. आठ डोकी गोलात बसलेली, नीटनेटकी, जागची हललेली नव्हती.

"बघा," जावई म्हणाला.

बहाद्दरनं दिवा जवळ नेला. मग त्यानं जावयाच्या खोक्यातला तो पातळ कागद मागितला, त्याची बोटभर पट्टी फाडली आणि पहिल्या बोल्टाच्या डोक्याखाली सरकवली.

आवळलेल्या बोल्टाखाली हवासुद्धा जात नाही. कागद आत गेला. बहाद्दरनं तो बाहेर ओढला, पुन्हा घातला. पुन्हा गेला.

दुसऱ्याखाली अडला. तिसऱ्याखाली गेला. चौथ्याखाली गेला. लेक झडपेच्या तोंडाशी उपडी पडून बघत होती. आठांपैकी तीन बोल्टांनीच कागद अडवला. दोन डोक्यांच्या कडेला तांबूस भुकटी साचली होती. लोखंड लोखंडावर घासतं तेव्हा अशी भुकटी निघते. दीड दिवसात निघाली होती.

"तीनच," जावई हळूच म्हणाला. "भरलेली लाँच, तीन बोल्टांवर." त्याचा चेहरा उतरला. तो पाठ टेकून खाली बसला. मग म्हणाला, "पाना एकदम आला होता."

"काय?"

"परवा. आवळताना शेवटी बोल्ट जरा ओढ घेतो ना, हाताला नरम लागतो, तसं लागलंच नाही. भिंतीला धडकल्यासारखं एकदम कट्ट."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठून बोलू? उंटावरून की खालून?"

बहाद्दरला तोंडात मारल्यासारखं झालं. तो दिव्याची वायर उगीच सरळ करत राहिला. आपल्या खांद्यात जोर असता, पाना आपल्या हातात असता, तर ते एका बोल्टात कळलं असतं. आणि ज्याच्या हाताला कळलं, त्याची जीभ आपणच बांधून ठेवली होती.

वरून लेक म्हणाली, "परवा बोलायचं तेव्हा गप्प बसलात. आता बोलत बसू नका. कुठला बोल्ट लावायचा ते सांगा."

चाक काढलं. जावयानं सायकलच्या चाकाची एक सरळ तार आणली, टोक कानशीनं सपाट केलं. क्रँकच्या प्रत्येक भोकातलं तेल चिंधीनं टिपून तार आत टाकायची, तोंडाशी नखानं धरायची, बाहेर काढून खूण करायची. भोकं सारखी नव्हती. तीन जरा खोल, पाच उथळ. ज्यांनी कागद अडवला होता ते बोल्ट त्या तीन खोल भोकांतले.

"सगळ्यात उथळ असेल त्याच्यावर माप घ्यायचं," जावई म्हणाला आणि सासऱ्याकडे बघितलं.

"घ्या."

चाकाची जाडी आणि सर्वांत उथळ भोकाची खोली, दोन्ही तारेवर एकापुढे एक मांडली. त्यातून तळाशी थोडी जागा सोडली. जे उरलं ती बोल्टाची लांबी. खोक्यातले बोल्ट त्याला फार आखूड, बहाद्दरचे थोडे लांब.

"डोक्याखाली जाड वॉशर घातले तर?" लेकीनं विचारलं.

"साधा वॉशर मऊ असतो," जावई म्हणाला. "चाकाच्या धक्क्यांनी दबतो. दबला की बोल्ट सैल."

बहाद्दर हेच सांगणार होता. त्यानं फक्त मान हलवली.

"मधल्या लांबीचे दुकानात असतील."

"आहेत," बहाद्दर म्हणाला. "मी बघितलेत. डोक्यावरचा आकडा खालचा. लांबीला बरोबर, ताकदीला कमी. ते फाटकाला लावायचे."

"मग कापायचे," जावई म्हणाला. "तुमचेच. हेच आठ. हे ताणले गेलेच नाहीत, मामा, टोकाला टेकून थांबले."

"तीन ताणलेत. आणि पाचांच्या टोकावर सगळा जोर गेलाय, आटे दबले असतील. एकदा पान्याखाली गेलेला बोल्ट मी इथं लावणार नाही. दुकानातून नवे आणा. तेच, त्याच आकड्याचे. ते कापू." मग जरा थांबून, "तुमचं काय म्हणणं?"

जावयानं एक बोल्ट उचलून टोक उजेडात फिरवलं. पहिले दोन आटे एकमेकांवर चढले होते. "नवे आणतो," तो म्हणाला.

शेडमध्ये ग्राइंडर होता, पण तापलेल्या बोल्टाचं पाणी उतरतं, लोखंड मऊ पडतं, म्हणून हातकरवत. बोल्ट शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, धरताना आट्यांना इजा नको म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या. ताकदीचं लोखंड कापणं म्हणजे दगडाला केस घासणं. जावई कापत होता, बहाद्दर तेलाचा थेंब सोडत होता. पाती बोथट होऊन पडत होती. घाई केली की पातं तिरकं जायचं आणि मग बहाद्दरचा श्वास ऐकू यायचा, शब्द नाही. कापलेलं टोक कानशीनं उतरतं करायचं, त्यावर आधीच चढवून ठेवलेला नट फिरवत बाहेर काढायचा, म्हणजे आटे साफ होतात, मग तारेला लावून बघायचं. बिनआट्यांचा गुळगुळीत भाग चाकाच्या जाडीतच संपतो ना, तेही बघायचं. एक बोल्ट केसभर आखूड झाला.

"चालेल?" जावयानं विचारलं आणि स्वतःच तो बाजूला फेकला. दुकानातून एक जास्त आणला होता. तो कापला.

सावलीतली माणसं आता शेडच्या दाराशी येऊन बघत होती. कुणी घाई करा म्हणत नव्हतं. तापलेलं मूल आईच्या खांद्यावर झोपलं होतं.

चाक पुन्हा चढलं. जावयानं पाय रोवले, पाना लावला.

"बोलत राहा," बहाद्दर म्हणाला. "हाताला काय लागतंय ते सांगत राहा."

"डोकं टेकलं... आता घट्ट... अजून फिरतोय... ओढ घेतोय, मामा, नरम..." कट्ट.

कागद अडला. समोरचा बोल्ट. अडला. आडवा. अडला. सातव्यापर्यंत जावयाचा आवाज मोकळा झाला होता.

आठव्याला तो मध्येच थांबला. पाना वाजला नव्हता. "नाही," तो म्हणाला. "हा धडकला."

"जोर पुरा करा," वरून लेक म्हणाली.

"नाही करणार. हा धडकला."

बहाद्दरनं दिवा दुसऱ्या हातात घेतला. माप बरोबर होतं, भोक तारेनं मोजलेलं होतं, कागद लावून बघायची वेळही अजून आली नव्हती. सहज म्हणता आलं असतं की भास आहे. "काढा," तो म्हणाला.

बोल्ट बाहेर आला. भोकात तार टाकली तर ती खुणेच्या आधीच थांबली. जावयानं तारेच्या टोकाला चिकट ग्रीस लावून पुन्हा घातली, फिरवली, बाहेर काढली. टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा लोखंडाचा कीस चिकटला होता. दबलेल्या आट्याचा तुकडा, जुन्या बोल्टानं मागे ठेवलेला. भोक पुन्हा पुसलं. बोल्ट पुन्हा.

"ओढ घेतोय." कट्ट. कागद अडला.

गिअरबॉक्स जागेवर यायला उन्हं कलली. लेक सुकाणूवर चढली आणि म्हणाली, "आधी रिकामी नेते. तुम्ही दोघं खाली."

पाणी सकाळपेक्षा चढलं होतं. बहाद्दर चाकाच्या कवचाला पाठ लावून बसला, तळवा बिडावर ठेवून. लाँच धक्क्यावरून सुटली. थरथर हातात आली, एकसारखी. जावई समोर उकिडवा बसला होता, त्याचाही हात कवचावर. मधल्या धारेत लाँच आडवी झाली, पंख्यावर सगळा भार आला आणि कवच एकदा खोल गुरगुरलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बहाद्दरच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात उतरला, त्यानं तो पुसला नाही. हात उचलायची त्याची तयारी नव्हती. गुरगुर थांबली. थरथर तशीच राहिली. फळ्यांवर पाणी आपटण्याचा आवाज हलका होत गेला, म्हणजे काठ जवळ आला.

वर दोर पडला. पलीकडच्या धक्क्यावर दिवसभर अडकलेली माणसं गर्दी करून उभी होती, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. लेकीनं इंजिन बंद केलं नाही. झडपेतून वाकून तिनं विचारलं, "बाबा, घेऊ का माणसं?"

बहाद्दर तळवा न उचलता म्हणाला, "त्यांना विचार. पाना त्यांच्या हातात होता."

जावई थोडा वेळ कवचाला कान लावून बसला. वर कुणीतरी अधीर होऊन ताई, ताई म्हणत होतं.

"घे," तो म्हणाला.

माणसं चढू लागली. लाँच एकेका पावलानं पाण्यात दबत गेली.